ओल्या बाटल्या

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं आम्ही लोणावळ्यात काढली. आमचे हे तिथे सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. बाजारातले लोक त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'घाणसाहेब'. लग्नाआधी मला एवढंच सांगण्यात आलं होतं, की मुलगा इन्स्पेक्टर आहे. मी मनातल्या मनात घोडा, बूट आणि कमरेला पिस्तूल अशी सगळी तयारी करून ठेवली होती. लग्नानंतर पाहिलं तर बूट तेवढे होते, चिखलानं भरलेले. बाकी एक छत्री, एक लाकडी पेटी आणि खिशात काचेचा काटा. तो काटा दुधात सोडायचा, किती बुडतो ते बघायचं, आणि दुधात पाणी आहे की नाही ते सांगायचं. झालं आमचं पिस्तूल.

सकाळी सहाला बाहेर पडायचे. स्टेशनापाशी हॉटेलं होती, तिथली पितळी पातेली तिरपी करून कल्हई शाबूत आहे का बघायचे. उडालेली असली की आत हिरवट कळकट थर, आणि त्यातच चहाचं दूध उकळत असे. मग मिठाईवाला. त्याच्या बर्फीचा पिवळा रंग हाताला लागला की साबणानंसुद्धा निघायचा नाही. मग विहिरी, त्यांत लाल औषध टाकायचं. हॉटेलवाला हात जोडून पातेलं बदलायचा आणि हे कोपऱ्यावरून वळले की जुनं पातेलं पुन्हा चुलीवर चढायचं. ते त्यांनाही ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी जायचे.

मी एकदा विचारलं, "रोज तेच पातेलं बघून कंटाळा नाही येत?"

"येतो," म्हणाले, आणि बूट काढायला लागले.

मला हे उत्तर फार पुचाट वाटलं होतं. मी तेव्हा अठरा वर्षांची आणि व्हर्नाक्युलर फायनल पास. म्हणजे सातवी. पण ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असे, भाजीवालीलासुद्धा. माझी पक्की समजूत होती, की या कामात माझ्यासारखं शिकलेलं माणूस घातलं असतं तर लोणावळं महिनाभरात चकचकीत झालं असतं.

दुधाचा नमुना घेणं हे त्यांच्या कामातलं सगळ्यात किचकट काम. विकणाऱ्याच्या चरवीतलं दूध ढवळून त्याचे तीन भाग करायचे, तीन बाटल्यांत भरायचे, नासू नये म्हणून प्रत्येकीत औषधाचे थेंब टाकायचे आणि बुचांवर लाखेचं सील मारायचं. एक बाटली पुण्याला तपासणीला जायची, एक कचेरीत राहायची आणि एक विकणाऱ्याच्याच हातात द्यायची, म्हणजे उद्या त्याला भांडायचं झालं तर पुरावा असावा. पुण्याहून रिपोर्ट यायला तीन-तीन आठवडे लागत. तोवर ते दूध प्यालेले पाहुणे मुंबईला पोचून, दुखणी काढून, बरेही झालेले असत.

त्या वर्षी आषाढात गावात टायफॉइड निघाला. दोन आळ्यांत घरटी एक अंथरूण. विहिरींना औषध पडलं, आणि वरून हुकूम आला की बाजारात दूध घालणाऱ्या सातही जणांचे नमुने घ्या. म्हणजे एकवीस बाटल्या. त्या धुणं एरवी हे स्वतः करत, शिपायाच्याही हाती देत नसत. पण नेमकं त्या आठवड्यात त्यांच्या उजव्या हाताला नखुरडं झालं. बोट सुजून वांग्यासारखं झालेलं.

मी म्हटलं, "मी धुते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायचं त्राण नव्हतं. "स्वच्छ धू," म्हणाले, "आणि पालथ्या घाल."

मी धुतल्या. अशा धुतल्या की विचारू नका. सोड्याचं कढत पाणी आणि भाताचं तूस घालून एकेक बाटली खुळखुळवली, सात-सात पाण्यांनी विसळली, फडक्यावर पालथ्या मांडल्या. लोणावळ्याच्या पावसाळ्यात वाळत काहीच नाही. काड्यापेटी चुलीशेजारी ठेवावी लागायची, अंथरुणं अंगाला चिकटायची. तरी पालथ्या घातल्यानं बाटल्या निथळल्या. संध्याकाळी बुचं लावायला बसले, आणि तिथे माझ्या शहाणपणानं डोकं वर काढलं.

आमच्या सासूबाईंची शिकवण होती, की कोरड्या भांड्यात दूध घालायचं नाही. आधी भांड्याला ओला हात द्यायचा. म्हणजे आत पाणी फिरवायचं आणि तळाला थोडं राहू द्यायचं, नाहीतर दूध तापवताना खाली लागतं. मी सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात दूध तळाशी लावलं होतं आणि त्याबद्दल मला जे ऐकावं लागलं ते मी सात जन्म विसरले नसते. तेव्हापासून दूध म्हटलं की माझा हात आपोआप पाण्याकडे जायचा. त्यामुळे बुचं लावता लावता मला वाटलं, पुरुषमाणूस, यांना काय कळणार दुधातलं, कोरड्या बाटल्यांत दूध भरायला निघालेत. मी एकवीसही बाटल्यांत पाणी फिरवलं, तळाला दोन-दोन चमचे राहू दिलं आणि बुचं घट्ट बसवली. बाटल्या जाड तपकिरी काचेच्या, आतलं काही दिसायचं नाही. आणि त्या हवेत बाहेरूनही पाणी सुटलेलं, त्यामुळे ओलेपणाचं कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

त्या बाटल्या चुलीवर कोण ठेवणार होतं, हा प्रश्न सातवी पास बाईला पडला नाही.

नमुने गेले. नखुरडं फुटलं, बोट बरं झालं. मी शेजारपाजारी सांगितलं, की सरकारी कामात आता माझाही हात आहे. तो होताच.

तीन आठवड्यांनी, श्रावणात, रिपोर्ट आला. सातांपैकी सातांच्या दुधात पाणी. हे तो कागद घेऊन ओट्यावर बसले आणि पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अरे, चोर सापडले तर तोंड का पाडून बसलास?"

"पाच जणांचं ठीक आहे," ते म्हणाले. "सहाव्याचंही एक वेळ समजू. पण मावशीचं दूध मी स्वतः काट्यावर पाहिलं होतं. चांगलं होतं."

मावशी म्हणजे आमच्याकडे रतीब घालणारी बाई. वलवणच्या पलीकडून रोज सकाळ-संध्याकाळ डोक्यावर चरव्या घेऊन यायची, दंडाला दोऱ्यानं बांधलेला पितळी बिल्ला. बिल्ला असल्याशिवाय गावात दूध विकता येत नसे. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. भाताची खाचरं होती ती धरण बांधून वलवणचं तळं झालं तेव्हा पाण्याखाली गेली. राहिल्या दोन म्हशी. तिचं दूध इतकं घट्ट, की साय चमच्यानं काढताना कापावी लागायची.

रिपोर्टाप्रमाणे सगळ्यांना सांगणं गेलं, की येत्या सोमवारी बिल्ला कचेरीत जमा करा. ज्याला भांडायचं असेल त्यानं आपली बाटली घेऊन यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली ती रोजच्यासारखी दारात थांबली नाही, ओट्यावर टेकली. पदराआडून फडक्यात गुंडाळलेली बाटली काढून तिनं समोर ठेवली. सील जसंच्या तसं.

"वैनी, ही बाटली सायबास्नी द्या. म्हनावं, फोडा आन् बघा. मी झाकून ठिवलीया, देवाच्या मागं."

"अहो मावशी, ती सोमवारीच द्यायची," मी म्हटलं.

"सोमवारी काय न् आज काय. दूध त्येच हाय." मग जरा थांबून म्हणाली, "पान्यानं माजी खाचरं न्हेली. आता पान्यापायी म्हशीबी जायाच्या म्हना. बिल्ला न्हाई तर दूध कुटं घालू? वतू का तळ्यात?"

हे ती रडून म्हणाली नाही. बाजारभाव सांगावा तसं म्हणाली, आणि उठून दूध मापायला लागली. मी आतून पातेलं आणलं. नेहमीसारखं त्यात पाणी फिरवलं, तळाला थोडं ठेवलं आणि पुढे केलं. मावशी माप धरून थांबली होती, माझं पाणी फिरवून होईपर्यंत. रोजच थांबायची. त्या दिवशी मात्र मी पातेल्याच्या तळाकडे बघितलं, मग तिच्या बाटलीकडे, आणि त्या बाटलीतलं पाणी कुणाचं ते मला कळलं.

मावशी गेल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या.

"बाटल्यांनासुद्धा ओला हात?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हीच."

त्यांनी एक देठ मोडला. दुसरा मोडला. "मी पातेल्याचं सांगितलं होतं," म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता गप्प राहा. तिची बाटली फोडली तरी तिच्यातही तेच निघणार, म्हणजे कुणाला कळायचं नाही. त्याची नोकरी जाईल, बाई."

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. एकवीसच्या एकवीस बाटल्या माझ्याच हातच्या, त्यामुळे माझ्याविरुद्ध पुरावाच उरला नव्हता. अशी बिनचूक चूक मी आयुष्यात परत केली नाही. एरवी माझ्या चुका लगेच सापडतात.

हे दुपारी जेवायला आले. सासूबाई मला डोळ्यांनी दटावत होत्या. मी ताक वाढायला वाकले आणि सांगून टाकलं. सांगताना ताक पानाबाहेर गेलं.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

"किती पाणी?"

"दोन चमचे. तळाला. लागू नये म्हणून."

ते रागावतील, ताट सारतील, असं मला वाटत होतं. मी त्याची वाटही बघत होते, म्हणजे मग मला रडता आलं असतं. पण त्यांनी ताकभात संपवला, हात धुतला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. त्यांचं तोंड इतकं ओढलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं. एका पावसाळ्याची पायपीट त्या मिटलेल्या डोळ्यांत होती आणि ती मी दोन चमच्यांनी फुकट घालवली होती. थोड्या वेळानं ते उठले आणि ओले बूट पुन्हा घालून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे त्यांचे वरचे अधिकारी.

तिथे त्यांनी माझं नाव घेतलं नाही. 'बाटल्या ओल्या राहिल्या, चूक माझी,' असं लिहून दिलं. नोकरी गेली नाही, पण त्यांच्या कागदावर लाल शाईचा शेरा बसला. सातही नमुने रद्द झाले. खरे चोर होते तेही सुटले. त्यांतला एक, ज्याच्या दुधात काटा टाकला की पार गळ्यापर्यंत बुडायचा, तो दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा. "साहेबांच्या मनात न्याय आहे," म्हणाला. यांनी पुडा उघडला, पेढा बोटांत चोळला, बोट पिवळं झालेलं बघितलं आणि पुडा परत त्याच्या हातात दिला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "घेतला असतास तर निदान हळदीच्या जागी लावायला झाला असता."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की न कळवता, एकेक करून सगळ्यांचे नवे नमुने घ्या, आणि सोमवारी कचेरी उघडायच्या आधी त्या बाईचा, कारण भांडायला तीच एकटी आली आहे. तिचा चांगला निघाला तर बिल्ला राहील. हे रविवारी संध्याकाळी मला म्हणाले, "उद्या सकाळी ती आली की आपल्या दारातच घेतो. कुणाला बोलू नकोस." बाटल्या त्यांनी स्वतः धुतल्या होत्या आणि चुलीच्या वरच्या फळीवर ओळीनं पालथ्या घातल्या होत्या. त्या फळीखालून जातानासुद्धा मी पदर सावरून जात होते.

त्यानंतर घटकाभरानं मावशी संध्याकाळचा रतीब घालायला आली. हे मागच्या दारी आंघोळीला गेले होते. मी तिला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. बाटल्यांतलं पाणी माझं होतं, तुमचं नव्हतं, माझं चुकलं, माफ करा, असं पुस्तकातल्यासारखं बोलले. दोन दिवस घोकलं होतं मी ते.

मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं पानी व्हतं व्हय? मला वाटलं माजंच."

"तुमचं म्हणजे?"

"आता निरसं दूध तसंच कुनी घराभाईर काढतं का, वैनी? दीठ लागती. म्हस आटती. वाटंत वढा लागतो तितं वंजळभर घालायचं आन् म्होरं निघायचं. माज्या सासूपास्नं हाय ह्ये. चोरी न्हवं ती."

माझे दोन चमचे यांच्या गळ्यात लाल शेरा होऊन पडले होते, आणि ही बाई दोन वर्षं आम्हाला ओढ्याचं पाणी पाजत होती, तेही म्हशींच्या भल्यासाठी. चरवीभर घट्ट दुधात ओंजळभर पाणी काट्याला कळत नसे. पण पुण्याला कळलं तर? आणि उद्या सकाळी नमुना.

कुणाला बोलू नकोस, असं त्यांनी बजावलेलं. आत आंघोळीच्या पाण्याचा आवाज येत होता. मी त्या वयात फार वेळ विचार करत नसे. तेवढी एक गोष्ट माझ्या बाजूनं होती.

"मावशी, उद्या सकाळी ओंजळ घालू नका."

"का वो?"

"घालू नका म्हणते ना."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. तिला कळलं. "आन् म्हस आटली तर? तुमी देनार का दूध?"

"एक दिवस फक्त."

"म्हशीला काय कळतंय एक दिवस न् दोन दिवस," ती म्हणाली आणि चरवी डोक्यावर घेऊन निघून गेली. घालणार की नाही, ते तिचं तिलाच ठाऊक.

रात्रभर मला झोप नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी झोपले. त्या वयात झोप कशालाच घाबरत नाही.

सकाळी हे पेटी घेऊन ओट्यावर तयार. मावशी आली, यांना बघून थबकली नाही, चरवी उतरवून ठेवली. यांनी झाकण काढलं, दूध ढवळलं. ढवळताना खालून काहीतरी काळं वर आलं, तरंगलं, आणि चरवीच्या कडेला येऊन टेकलं. बोराएवढा कोळशाचा खडा.

"हे काय?" यांनी विचारलं.

"कोळसा."

"ते दिसतंय. दुधात कशाला?"

"दिठीला." मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुसरं काय घालायची सोय ऱ्हाईली न्हाई."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. जे दिसेल ते नोंदायचं, काही काढायचं नाही, काही घालायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या नियमापायी त्यांनी चारच दिवसांपूर्वी स्वतःच्या कागदावर शेरा ओढवून घेतला होता. ते खाली वाकले. खडा दोन बोटांत उचलला, कुंपणापलीकडे फेकला, बोटं रुमालाला पुसली. मग काटा सोडला. काटा उंच राहिला. मग कोरड्या बाटल्या काढल्या, तीन भाग केले, लाख वितळवून सील मारलं आणि मावशीची बाटली मावशीच्या हातात दिली. मावशीनं बाटली फडक्यात गुंडाळली आणि मापानं आमचा रतीब घालून निघून गेली.

त्या सोमवारी तिचा बिल्ला जमा झाला नाही. रिपोर्ट येईपर्यंत थांबा असं ठरलं. भाद्रपदात पुण्याचा कागद आला. दूध निर्भेळ. बिल्ला राहिला.

यांनी कागद घडी करून पेटीत ठेवला. मी भांडी घासत होते. बूट घालता घालता, माझ्याकडे पाठ असतानाच त्यांनी विचारलं, "आधी पाणी कुठलं घालायची?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "ओढ्याचं," मी म्हटलं.

त्यांनी बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला वस्ती होती आणि वस्तीत टायफॉइडची दोन अंथरुणं अजून उठली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही. पुण्याच्या रिपोर्टात यातलं काही नसतं.

"तिला सांग," ते म्हणाले, "रोज कोळसाच घाल म्हणावं. आणि आधी चुलीत लाल करून घे."

मग छत्री उचलली आणि उरलेल्या सहा जणांच्या वाटेला लागले.